शालन, अण्णांच्या हाताविषयी

शालन, तू गेल्याला आज छत्तीस दिवस झाले. तुझ्या कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्यांनी तुझ्या नोकरीची वर्षं सांगितली. एका विद्यार्थिनीने सांगितलं, की बेडकाचं हृदय टेबलावर धडधडत ठेवून तू सगळा वर्ग कसा गप्प केला होतास. मग मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी उभी राहिले, तुझं नाव घेतलं आणि खाली बसले. लोकांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं. तसं नव्हतं गं. मला जे बोलायचं होतं ते त्या सभेत बोलण्यासारखं नव्हतं, आणि ते सोडून दुसरं काही तोंडात येत नव्हतं. म्हणून इथे लिहिते आहे.

कोल्हापूरच्या वसतिगृहात तू आलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. बिद्रीजवळच्या तुझ्या गावाहून पत्र्याची ट्रंक घेऊन तू एकटी आली होतीस. आपल्या खोलीत पुण्याची एक मुलगी होती. तू 'मी येतो', 'मी जेवलो' असं म्हणायचीस, ते ऐकून तिने हसत विचारलं, "तू मुलगा आहेस का?" तू ट्रंकेचं कुलूप काढता काढता म्हणालीस, "आमच्याकडं पोरी अशाच बोलत्यात. तुला कळालं न्हवं? मग झालं की." त्या दिवसापासून मी तुझ्या बाजूची झाले. मीही कोल्हापूरकडचीच, पण कारकुनाच्या घरातली, जपून बोलणारी. तुझ्यासारखं बोलावं असं मला नेहमी वाटायचं. जमलं मात्र कधीच नाही.

पुढे मी डॉक्टरी शिकायला मिरजेला गेले आणि तू इथेच प्राणिशास्त्र घेतलंस. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात तू मला गावी गुऱ्हाळावर नेलंस. तुझे थोरले भाऊ अण्णा त्या भागातले नावाजलेले गुळवे. उसाचा रस उकळून पाक होतो, पण काहील, ती भलीमोठी कढई, चुलीवरून नेमकी कधी उतरवायची हे गुळव्याच्या बोटांना कळतं. क्षणभर आधी उतरवली तर गूळ बसत नाही, क्षणभर उशिरा उतरवली तर करपतो. अण्णा पाकाचा थेंब पाण्यात टाकत, बोटांत त्याची गोळी वळत आणि मान हलवत. त्यांनी मान हलवली की सहा माणसं काहिलीला हात घालत.

मला त्यांच्या पहिल्या बोटाच्या पेरावर फोड दिसला. फुटलेला, जुना. त्याच बोटाने ते गरम पाक चाचपत होते.

"अण्णा, दुखत नाही?" मी विचारलं.

ते हसले. "गुळव्याची कातडी हाय ताई ही. दोन वरसं झाली, कायबी कळत न्हाई बगा." त्यांना त्याचा अभिमान होता. मी त्यांच्या कानाच्या पाळ्यांकडे पाहिलं. जाड झाल्या होत्या. वॉर्डात शिकलेलं सगळं मला आठवलं आणि हातातला गरम गूळ मी तसाच धरून बसले.

परतताना एसटीत मी तुला सांगितलं. कुष्ठरोग हा शब्द मी वापरला नाही, इंग्रजी नाव घेतलं. तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. दोन थांबे गेले. मग तू म्हणालीस, "मराठीत सांग." मी सांगितलं. कोल्हापूर जवळ आलं तेव्हा बोललीस ते असं: "आम्ही चार भावंडं एका वाकळंत झोपलोय विमे. एका ताटात जेवलोय. मग त्यालाच का? मला का न्हाई झालं?"

मी म्हटलं, "ते कुणालाच नीट माहीत नाही."

"मग कुणीतरी बघाय पायजे की," तू म्हणालीस. हे एवढ्या साध्या आवाजात म्हणालीस, की यातून तुझं सगळं आयुष्य ठरलंय हे मला तेव्हा कळलं नाही. तुलाही कळलं नसेल. गावात आडून आडून बोलणं सुरू झालं आणि तुला आलेली दोन स्थळं परत गेली, त्याबद्दल तू कधी चकार शब्द काढला नाहीस. मी एकदा विषय काढला तर म्हणालीस, "बरं झालं. परीक्षा तोंडावर हाय."

मी शिकून परत आले आणि कुष्ठरोगाच्या सरकारी दवाखान्यात लागले, यातही तुझा हात होता. अण्णांच्या गोळ्या मी सुरू केल्या. डॅप्सोन, रोज एक. ते कधी घेत, कधी विसरत. एकदा मी तुम्हा दोघांची एक चाचणी केली. मेलेल्या कुष्ठजंतूंचा अर्क कातडीत टोचायचा आणि चार आठवडे वाट बघायची. ज्याच्या शरीराला त्या जंतूशी झुंजता येतं त्याच्या हातावर गाठ उठते. ज्याला येत नाही त्याचा हात कोरा राहतो. तुझ्या हातावर वाटाण्याएवढी गाठ आली. अण्णांचा हात सपाट. तू त्यांचा हात मांडीवर घेऊन त्या जागेवरून अंगठा फिरवत बसली होतीस, दाबून बघत होतीस, कुठे काही लागतंय का.

"ह्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी हायत न्हवं?" तू मला विचारलंस.

"आहेत. तुझ्याइतक्याच आहेत."

"मग त्या एकमेकींशी बोलत न्हाईत. एकीला जंतू दिसला तर तिनं शेजारणीला सांगाय पायजे. हिच्यात सांगत्यात," तू स्वतःच्या गाठीवर बोट ठेवलंस, "आन् ह्याच्यात कुणी कुणाला सांगत न्हाई."

पेशी एकमेकींना कसं सांगतात, यावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते तू जाईपर्यंत मिटलं नाही. मी वाचलं होतं, की एक पेशी काही द्रव सोडते, तो आजूबाजूच्या पाण्यातून पसरतो आणि बाकीच्यांना वर्दी पोचते. तुला ते अर्धंच वाटायचं. तू म्हणायचीस, दोन पेशी चिकटून बसल्या की त्यांच्या भिंतींत बारीक नळ्या उघडतात आणि एकीच्या पोटातलं दुसरीच्या पोटात थेट जातं. यकृताच्या पेशींमध्ये असं होतं हे परदेशात कुणीतरी दाखवलं होतं. रक्तातल्या मोकळ्या फिरणाऱ्या पेशीही चिकटल्या की असंच करत असतील, हे तुला दाखवायचं होतं. आणि तेही कोल्हापुरात, बेडूक-झुरळं कापायच्या प्रयोगशाळेत.

तुझी ती तीन वर्षं मी जवळून पाहिली. वाघ्या घेवडा भिजत घालून, वाटून, गाळून तू त्याचा अर्क काढायचीस, कारण तो घातला की पांढऱ्या पेशी गोळा होऊन एकमेकींना चिकटतात. तुझ्या स्वयंपाकघरात घेवडा असायचा आणि आमटी कधीच नसायची. हिरवा चमकणारा रंग तू डोळ्यांच्या डॉक्टरांकडून मिळवलास. तो चमकायला प्रखर निळा उजेड हवा, म्हणून बंद पडलेल्या एका सिनेमा स्टुडिओतला कार्बनचा दिवा आणलास. आणि उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे भाग घडवणारे सदाशिव मिस्त्री, त्यांना तू एका पेशीत काचेची सुई घुसवायचं यंत्र करायला सांगितलंस. मी बरोबर होते. मिस्त्रींनी हात पुसले आणि तुझ्या कागदावरचं चित्र उलटंसुलटं करून बघितलं.

"बाई, केसाच्या इसाव्या भागानं सरकाय पायजे म्हंता?"

"व्हय."

"आन् सामान भंगारातलं."

"तेच हाय माझ्याकडं."

"बसा," मिस्त्री म्हणाले. "च्या घ्या. लगीच हुणार न्हाई, पर हुईल." सात महिने लागले. केलं मात्र त्यांनी.

मग ती दुपार. तू शिपायाकडून निरोप धाडलास, "असशील तशी ये." मी दवाखाना सोडून आले. खिडक्यांना काळं कापड लावलेलं, दिव्याच्या धगीने खोली तापलेली, तुझ्या पाठीवरचं पोलकं घामाने भिजलेलं. तू मला मायक्रोस्कोपपाशी बसवलंस. अंधारात एक पेशी हिरवी उजळलेली होती आणि तिला चिकटलेली दुसरी, फिकट, पण उजळलेली.

"पहिलीत सुई घातली," तू म्हणालीस. "दुसरीला हात लावला न्हाई. माझ्या डोळ्यांदेखत उजळली विमे."

मी म्हटलं, "सुईतून सांडलं असेल."

"सांडलं असतं तर भवतीच्या पाण्यात दिसलं असतं. भवती काळोख हाय. बघ की परत."

मी परत बघितलं नाही. का बघितलं नाही ते आज सांगते. मी पहिल्याच वेळी बघितलं होतं. भोवती काळोख होता. तू म्हणत होतीस तेच बरोबर असावं, असं त्या क्षणी मला वाटलं, आणि लगेच वाटलं, की गुऱ्हाळावरची ही मुलगी भंगारातल्या यंत्राने हे दाखवते आहे आणि मी, डॉक्टर, वर्षानुवर्षं गोळ्यांचे डबे उघडते आहे. मला हेवा वाटला गं. इतका उघड हेवा मला त्याआधी कधी वाटला नव्हता, त्यामुळे तो ओळखायलाही वेळ लागला. फोटो नीट आला नाही. तू म्हणालीस, "तू बघितलंस एवढं लिहून दे. डॉक्टरची सही असली तर लोक वाचतील." मी म्हटलं, "खात्री नसताना कशी देऊ?" तू मान हलवलीस आणि दिवा बंद केलास. आग्रह केला नाहीस.

तुझा लेख दिवाळीच्या आसपास परत आला. रंग सांडला असावा, असं परीक्षकांनी लिहिलं होतं. माझेच शब्द. एक वाक्य आणखी होतं, की रोग्याच्या पेशींमध्ये फरक दाखवता आला तर विचार करता येईल. तू ते पत्र मला वाचायला दिलंस, घडी घालून परत घेतलंस आणि मुलांच्या वह्या तपासायला बसलीस.

आता चौऱ्याहत्तरचा जानेवारी. त्याबद्दल आपण दोघी एक अक्षर बोललो नाही, म्हणून तोच मला आधी लिहायला हवा होता.

अण्णा वर्षभर नेमाने गोळ्या घेत होते. तू त्यांना दवाखान्यात घेऊन आलीस तेव्हा त्यांच्या अंगावरचे जुने फिके चट्टे लालबुंद होऊन फुगले होते. उजव्या कोपराला हात लावला तरी ते दचकत होते. आणि तुझा चेहरा, शालन. तुझा चेहरा फुललेला होता. "जागं झालं विमे," तू माझ्या कानात म्हणालीस. "ह्याच्या पेशी बोलाय लागल्या."

तुझं खरं होतं. अण्णांचं शरीर इतक्या वर्षांनी त्या जंतूंवर तुटून पडलं होतं. पण जंतू होते नसेत, आणि ती झुंज चालली होती नसेच्या आत, कोपराच्या हाडाला घासून जाणाऱ्या त्या दोरीएवढ्या नसेत. ती सुजली की काही दिवसांत हात जातो. त्यावर औषध होतं, सूज दडपणारं, आणि ते माझ्या कपाटात होतं. पण ते औषध प्रतिकारही दडपतं. मला भीती वाटली, की ते दिलं तर जंतू पुन्हा माजतील. मला वाटलं, गोळ्या अंगावर आल्या. मी गोळ्या बंद केल्या, ऍस्पिरिन दिलं आणि म्हटलं, "आठ दिवसांनी दाखवा."

आठ दिवसांनी ते आले तेव्हा उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलं होतं. मी कागदाचा कपटा त्यांच्या बोटांच्या बेचक्यात दिला आणि म्हटलं, "धरून ठेवा." मी ओढला, तो अलगद सुटून आला. तू दाराशी उभी होतीस. तू तो कागद बघितलास. मग मी ते औषध सुरू केलं. बाकीची बोटं वाचली, ती दोन वाचली नाहीत. अंगठाही ढिला पडला. अण्णांनी पुन्हा गूळ केला नाही. हात गेला म्हणून नाही, लोकांनी वळलेली बोटं बघितली म्हणून. रगतपितीच्या माणसाच्या हातचा गूळ कोण घेणार? गुऱ्हाळमालकाने फक्त सांगितलं, "येऊ नगा."

तू तीन महिने माझ्याकडे आली नाहीस. मी जिन्यावर तुझी पावलं ऐकायची वाट बघत असे, आणि ती येऊ नयेत असंही वाटत असे. नंतर एक दिवस आलीस, फणसाचे गरे घेऊन. बसलीस, माझ्या मुलीशी खेळलीस, मायक्रोस्कोपला बुरशी चढली म्हणून सांगितलंस. मी मनात म्हटलं, हिने मला माफ केलं नाही, पण टाकलंही नाही. पुढची सगळी वर्षं मी तेवढ्यावर काढली. तू हसलीस तरी मला वाटायचं, हिला तो कागद आठवत असणार. आपलं जुनं भांडण आपण सुरू ठेवलं, पाण्यातून की नळीतून. जोरात भांडायचो, लोक हसायचे. ते भांडण असलं की दुसरं काही बोलावं लागत नव्हतं.

गेल्या दोन वर्षांत तू पुन्हा ते यंत्र बाहेर काढलंस. ग्रंथालयात काही नवीन वाचलं होतंस. मिस्त्री थकले होते, तरी येऊन स्क्रू बदलून गेले. तू जो भेटेल त्याचं रक्त घेऊ लागलीस, विद्यार्थ्यांचं, शेजाऱ्यांचं, माझ्या रोग्यांचं. बोटाला सुया टोचून घ्यायचीस. मी रागावले तर म्हणालीस, "टोचती की. कुणाला टोचत न्हाई?"

कावीळ त्यातूनच आली की कशातून, हे कुणी सांगू शकणार नाही. चौथ्या दिवशी तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. गावाहून कुणी झाडपाला आणला, तू तो हसून उशाशी ठेवलास. मला म्हणालीस, "जंतू यकृत खात न्हाई विमे. माझ्याच पेशी खायला लागल्यात. त्यांनी एकमेकींना सांगिटलंय, हितं शत्रू हाय. आता थांब म्हणून कोण सांगणार?" मग जरा वेळाने, "बोलाय लागल्या की चांगलंच हुतं असं मला वाटायचं."

मी तुझ्या तोंडाला पाणी लावलं.

सहाव्या दिवशी सकाळी तू शुद्धीवर होतीस, पण शब्द जड पडत होते. खोलीत आपण दोघीच होतो. तू माझं मनगट धरलंस. "विमे, एक सांगायचं राहिलंय. अण्णाच्या हाताचं."

आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "आता बोलू नकोस. दमशील. बरी झालीस की सांग." डॉक्टरसारखी म्हणाले. तू बरी होणार नाहीस हे मला तुझ्या रक्ताच्या कागदावरून कळलेलं होतं. तरी म्हणाले. इतक्या वर्षांनी तू ते मला तोंडावर म्हणणार, 'तू माझ्या भावाचा हात घालवलास', आणि ते ऐकून घ्यायची माझ्यात ताकद नव्हती. तू मनगट सोडलंस. दुपारपासून तू कुणालाच ओळखेनाशी झालीस.

तेराव्यानंतर अण्णा माझ्याकडे आले. दवाखान्याच्या बाकावर रोग्यांच्या रांगेत बसून राहिले, आत निरोपही पाठवला नाही. शेवटी मीच बाहेर आले तेव्हा दिसले. मी त्यांना आत आणलं, दार लावलं आणि चहाही न विचारता सांगून टाकलं. "अण्णा, तुमचा हात माझ्यामुळे गेला. औषध माझ्याकडे होतं. मी आठ दिवस दिलं नाही. शालनला ते माहीत होतं. मी तिची कधी क्षमाही मागितली नाही."

अण्णा म्हणाले, "आन् ती मला येगळंच सांगत हुती."

"काय?"

"लई वरसामागं. गावाकडं आलती. घरात, चुलीफुडं बसून रडली. म्हणाली, अण्णा, तुझा हात माझ्यामुळं गेला. तू आलास त्या दिवशीच विमलकडं न्यायचं सोडून मी तुला चार दीस घरात ठिवून घेतलं. रोज रगात काढलं. मला ते बघायचं हुतं. त्या चार दिवसांत नेलं असतं तर विमलला कळलं असतं. वेळ गेल्यावर नेलं, ती तरी काय करणार?"

चार दिवस. तू त्यांना माझ्याकडे आणण्याआधी चार दिवस तुझ्या घरी ठेवलं होतंस. मी सही दिली असती, तर परीक्षकांना दाखवायला तुला त्यांच्या रक्ताची इतकी घाई झाली नसती. तुझे चार दिवस, माझे आठ. तू माझ्या गप्प राहण्यात स्वतःवरचा दोष वाचत होतीस आणि मी तुझ्या. मरताना तुला मला दोष द्यायचा नव्हता. तुला स्वतःचं सांगून मोकळं व्हायचं होतं, आणि मी तुला गप्प केलं.

अण्णा बोलतच होते. "खरं सांगू का बाई? तुमी दोघींनीबी मला कधी इचारलं न्हाई. कोपर दुकायला लागून मला आठ दीस झालते कोल्हापूरला यायच्या आधी. गळीत चालू हुतं. मी म्हटलं, येवढी काहील हू दे, मग जाऊ. शालीला सांगिटलं, कालपास्नं दुकतंय." त्यांनी तो हात टेबलावर ठेवला, वळलेल्या बोटांसह, एखादी वस्तू ठेवावी तसा. "तिला सांगाय पायजे हुतं. ती रडत हुती तवाच सांगाय पायजे हुतं. जीभ उचलली न्हाई."

बाहेर कंपाउंडर नावं पुकारत होता. अण्णा रडले नाहीत, मीही नाही. जाताना ते दारात थांबले आणि म्हणाले, "तुमी दोघी होता म्हणून आठ बोटं हायत. हे बी लिवून ठेवा कुठंतरी." म्हणून लिहिते आहे.

शालन, हे समजल्याने मला हलकं वाटलेलं नाही. उलट जास्त जड झालंय. आधी मला वाटायचं, मी तुझी गुन्हेगार आहे आणि तुला ते माहीत आहे, आणि माहीत असून तू माझ्या घरी येतेस. त्यात एक आधार होता. आता दिसतं, की तू दर वेळी जिना चढताना तुझं स्वतःचं ओझं घेऊन चढत होतीस, आणि मी दार उघडून तुला घेवडा आणि सुया यांवर बोलतं करत होते. त्या दुपारी मायक्रोस्कोपखाली मी जे बघितलं ते आता मी कागदावर लिहून तुझ्या प्राचार्यांकडे दिलं आहे. भोवती काळोख होता, आणि दुसरी पेशी उजळलेली होती. खाली सही केली आहे. एका जुन्या सहीने काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. तू आज असतीस तर म्हणाली असतीस, "आता काय उपयोग, विमे?" आणि कागद नीट ठेवून दिला असतास. पाण्यातून की नळीतून, ते मला अजूनही माहीत नाही. कदाचित दोन्ही. हे मी तुझ्यासमोर कधी कबूल केलं नसतं.

अण्णा येऊन गेल्यापासून मी एक करते. गोळ्या देताना प्रत्येकाला जवळ बसवून सांगते, चट्टा लाल झाला, कोपर किंवा गुडघ्यामागे दुखलं, तर त्याच दिवशी या. शेतात काम असलं तरी या. कुणाला सांगायची लाज वाटली तरी मला येऊन सांगा, मी ओरडणार नाही.

मागच्या आठवड्यात गगनबावड्याकडची एक बाई आली. तिकडे आठ दिवस पाऊस थांबलेला नव्हता, एसटी बंद होती. अर्ध्या वाटेपर्यंत चालत आणि मग दुधाच्या गाडीतून आली. पायांना चिखल, अंगावर इरलं, आणि उजवं कोपर डाव्या हाताने पोटाशी धरलेलं. "सकाळपास्नं दुकतंय," म्हणाली. "तुमी म्हणालता, त्याच दिवशी या."

मी तिचं कोपर बघितलं. नस सुजली होती. कपाट उघडलं आणि औषध दिलं. हात झोळीत बांधला, तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं. चार दिवस मी रोज सकाळी कागदाचा कपटा तिच्या बोटांच्या बेचक्यात देत होते आणि ओढून बघत होते.

काल कागद ओढताना फाटला. तिने सोडला नाही. मग मी माझं बोट तिच्या मुठीत दिलं आणि म्हटलं, "दाब."

तिने माझ्याकडे बघितलं, जपून दाबलं.

"अजून," मी म्हटलं. "जोर लावून."

तिने जोर लावला. दुखलं, शालन.